पालथे पडण्याची सवय

१९९७ च्या पावसाळ्यात, पुण्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असताना, माझ्यापेक्षा पंधरा किलोंनी हलक्या असलेल्या एका ज्युडोपटूने मला गळा आवळून हरवले. त्याआधीची सात वर्षे मी करवीर तालुक्यातल्या आमच्या गावच्या तालमीत घालवली होती आणि नारळाच्या कुस्तीपासून सुरुवात करून जत्रेतल्या पाचशे रुपये इनामाच्या जोडीपर्यंत मजल मारली होती. त्यामुळे पांढरा जाड अंगरखा घातलेल्या त्या सडपातळ मुलाकडे पाहून मला थोडे हसूच आले होते. पहिल्या झटापटीत मी त्याचा एकेरी पट काढला, म्हणजे त्याचा एक पाय धरून ओढला, आणि त्याला गादीवर आणले. त्या गडबडीत तो निसटून माझ्या बगलेतून मागे येऊ लागला, तेव्हा मी तेच केले जे सात वर्षांत हजारो वेळा केले होते. मी कोपरे आवळली, पोट जमिनीला चिकटवले आणि पालथा पडलो.

तालमीत वाढलेल्या माणसाला पालथे पडणे म्हणजे घरी पोहोचल्यासारखे वाटते. वरचा माणूस मला उलटवण्यासाठी आता घिस्सा मारील, हप्ता भरील, मोळी बांधू पाहील आणि मी ते सारे निभावून नेईन, असा माझा हिशेब होता. त्याऐवजी त्याने दोन्ही पाय माझ्या मांड्यांत अडकवले आणि एक हात हनुवटीखालून सरकवला. तो मान पिळून मला उताणा करू पाहत आहे असे समजून मी आणखी घट्ट पालथा झालो, म्हणजे त्याच्या कामात मीच हातभार लावला. कानांत पिठाच्या गिरणीसारखा आवाज सुरू झाला. हार मानायची तर गादीवर थाप मारायची असते हे मला आधीच सांगितले होते, परंतु पाठीला माती लागलेली नसताना हार कसली मानायची, हा प्रश्न डोक्यात पूर्ण होण्याआधीच डोळ्यांपुढे अंधार पसरला. मानेच्या दोन्ही बाजूंच्या धमन्या नीट दाबल्या गेल्या तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते, ही माहिती मला नंतर मिळाली. शुद्धीवर आल्यावर प्रशिक्षकांनी विचारले, "पाठ का दिलीस?" त्या प्रश्नाचा अर्थ समजायला मला बरीच वर्षे लागली.

कोणती युद्धकला श्रेष्ठ, कुस्तीगीर भारी की कराटेवाला, बॉक्सर भारी की ज्युडोवाला, असे मला पुतणे, भाचे, कार्यालयातले सहकारी आणि कधीकधी रिक्षावालेही विचारतात, कारण माझे मोडलेले कान लपत नाहीत. त्यांना मी हल्ली हाच प्रसंग सांगतो. प्रत्येक विद्येचे काही नियम असतात, ते नियम वर्षानुवर्षे पाळता पाळता अंगात सवयी होऊन बसतात, आणि प्रसंग आला की माणूस विद्या वापरत नाही, सवय वापरतो. खांदे जमिनीला टेकले म्हणजे हार, हा आमचा नियम. त्या नियमातून पालथे पडण्याची सवय आली, आणि जिथे गळा धरण्याची मुभा आहे तिथे ती सवय गळफास ठरली.

या सवयीचा इतिहासही मोठा आहे. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा पैलवान आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झबिस्को यांची कुस्ती झाली, तेव्हा गामाचा जोर ओळखून झबिस्को लवकरच खाली गेला आणि अडीच तासांहून अधिक चाललेल्या त्या कुस्तीत बहुतेक वेळ गादीला चिकटून राहिला. गामाला त्याला उलटवता आले नाही आणि कुस्ती बरोबरीत सोडवावी लागली. पुढच्या आठवड्यात पुन्हा लढायचे ठरले होते, त्या दिवशी झबिस्को आलाच नाही. १९२८ मध्ये पतियाळाला दोघे पुन्हा भिडले आणि या खेपेस गामाने त्याला मिनिटाच्या आत चीत केले. लंडनमध्ये गळा धरण्याची परवानगी असती तर झबिस्कोने तसे पडून राहण्याचा विचारही केला नसता आणि गामानेही अडीच तास त्याच्या पाठीवर वाया घालवले नसते, असे मला नेहमी वाटते.

याच घराण्याच्या वाट्याला दुसरा अनुभव १९७६ च्या डिसेंबरात कराचीत आला. गामाचा पुतण्या, म्हणजे त्याचा भाऊ इमामबक्ष याचा मुलगा अक्रम, जपानच्या अंतोनियो इनोकीशी लढला. इनोकीने त्याचा हात कोपरात वाकवून पाठीमागे असा पिळला की खांदा निकामी झाला. अक्रमने हार मानली नाही, परंतु लढत थांबवावी लागली. हात पिळण्याचा तो प्रकार ज्युडोत जुना आहे. १९५१ मध्ये रिओ द जानेरोच्या माराकाना मैदानात जपानी ज्युडोपटू मासाहिको किमुराने ब्राझीलच्या एलिओ ग्रेसीचा हात याच प्रकाराने मोडला आणि तेव्हापासून ब्राझिलियन जिउजित्सूवाले त्या डावाला किमुरा म्हणतात. हरवणाऱ्याचे नाव आपल्या डावाला देऊन तो डाव रोज घोटत बसणाऱ्या या लोकांबद्दल मला आदर वाटतो. अक्रमचे बळ आणि त्याची मेहनत यांबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. हात असा सापडू द्यायचा नसतो, ही धास्ती मात्र त्याच्या अंगात नव्हती, कारण त्याच्या आखाड्यात त्या चुकीची शिक्षा कधी मिळालीच नव्हती.

हे सारे वाचून मी तालमीला नावे ठेवतो आहे असा ग्रह होऊ नये, म्हणून तालमीने काय दिले तेही सांगतो. पहाटे साडेचारला वस्ताद काठीने दार वाजवीत. हौदा खोऱ्याने उकरायचा, हे आमचे पहिले काम असे आणि तो स्वतःच एक व्यायाम असे. तांबड्या मातीत हळद, कापूर, लिंबू, तेल आणि ताक मुरवलेले असे. त्या मातीचा वास अजूनही मला कुठेही आला तर खांदे आपोआप ताठ होतात. त्यानंतर जोर, बैठका, सपाट्या, दोर चढणे आणि मुद्गल होत, आणि मग लढत. लढत हा शब्द महत्त्वाचा आहे. एकमेकांच्या सोयीने डाव घोटणे वेगळे आणि समोरचा पूर्ण ताकदीने विरोध करीत असताना तो लावणे वेगळे, हे आम्हाला कुणी समजावून सांगितले नाही. आम्हाला थेट मातीत ढकलले आणि मोठ्या पठ्ठ्यांनी आम्हाला रोज वीसवीस वेळा आपटले. सात वर्षांत असा एकही आठवडा गेला नसेल ज्यात माझा डाव फसला नाही, आणि तो का फसला हे कळायला वस्तादांच्या शिवीची गरज पडत नसे, कारण मी आधीच खाली असे.

त्यामुळे त्या ज्युडोच्या हॉलमध्ये हरलो तरी मी नवखा ठरलो नाही. तीन महिन्यांत गळा सांभाळायला शिकलो, आणि उभ्याने मला पाडणे तिथल्या बहुतेकांना जड जात असे. खाशाबा जाधवांचे उदाहरण तर जगजाहीर आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा माणूस मातीत घडला, १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला गादीवर उतरून सहावा आला, आणि १९५२ मध्ये हेलसिंकीत ५७ किलो गटात त्याने कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. मातीवरचा माणूस चार वर्षांत गादीवर रुळू शकला, कारण पाया लढतीचा होता आणि बदलायचे होते ते नियम आणि पायांखालचा पृष्ठभाग.

माझ्या वसतिगृहातला खोलीसोबती शोतोकान कराटेचा तपकिरी पट्टाधारक होता. त्याच्या लाथा पाहण्यासारख्या असत आणि त्याच्या कातामधली, म्हणजे ठरलेल्या हालचाली एकट्याने करण्याच्या सरावातली, शिस्त मला कधीच जमली नसती. एका रविवारी आम्ही गच्चीवर समोरासमोर उभे राहिलो. त्याने झेपावून मारलेली लाथ माझ्या नाकाच्या दोन बोटे अलीकडे येऊन थांबली. आघात अंगाला लागण्याआधी थांबवायचा, हे त्याला नऊ वर्षे शिकवले होते. थांबलेला पाय धरायला मला काहीच कष्ट पडले नाहीत आणि पुढच्या क्षणी तो पाण्याच्या टाकीशेजारी आडवा होता. दुसऱ्या खेपेला आम्ही ठरवले की थांबवायचे नाही. मी पटाला शिरलो आणि त्याचा गुडघा माझ्या नाकावर बसला. त्या नाकातून अजूनही डाव्या बाजूने श्वास नीट येत नाही. म्हणजे त्याच्या कराटेत दम होता. तो दम प्रत्यक्षात उतरू नये, याचा सराव मात्र त्याच्याकडून नऊ वर्षे करून घेतला गेला होता. माझ्या बाजूनेही चूक सवयीचीच होती. तालमीत पटाला शिरताना समोरून गुडघा येत नाही, त्यामुळे तोंड पुढे करून शिरायला मला कधी भीती वाटली नव्हती.

टोकियो ऑलिंपिकमधली ७ ऑगस्ट २०२१ ची ७५ किलोंवरील गटाची कराटेची अंतिम लढत मी पाहिली तेव्हा मला ही गच्ची आठवली. सौदी अरेबियाचा तारेग हामेदी ४-१ असा पुढे होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेहच्या मानेजवळ अशी बसली की गंजजादेह बेशुद्ध होऊन कोसळला आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावे लागले. आघातावर ताबा राहिला नाही म्हणून हामेदी अपात्र ठरला आणि स्ट्रेचरवरून गेलेल्या माणसाला सुवर्णपदक मिळाले. खेळ म्हणून त्या नियमात काही गैर नाही, कारण नियम आधीपासून सर्वांना माहीत होता. मात्र या खेळात तरबेज झालो म्हणजे मारामारीत तरबेज झालो, असे समजणाऱ्याने ती लढत एकदा पाहावी. मासुतात्सु ओयामांच्या क्योकुशिन पंथात आघात थांबवत नाहीत, तिथे पूर्ण ताकदीने मारतात आणि त्या लोकांचे पाय आणि बरगड्या खरोखर लोखंडी होतात. पण हाताचा ठोसा चेहऱ्यावर मारण्यास तिथे बंदी असते. त्यामुळे छातीला छाती भिडवून, चेहरा उघडा टाकून उभे राहण्याची सवय त्यांनाही लागते.

ही गोष्ट ज्या माणसाने सर्वांत आधी नीट ओळखली तो म्हणजे ज्युडोचे जनक जिगोरो कानो. १८८२ मध्ये टोकियोच्या एका बौद्ध मंदिरात, बारा चटयांच्या जागेत, त्यांनी कोदोकान ही ज्युडोची शाळा सुरू केली. जुन्या जुजुत्सूत बोटे मोडणे, मर्मावर घाव घालणे असे अनेक जीवघेणे प्रकार होते आणि ते जीवघेणे असल्यामुळेच त्यांचा सराव सोबत्यावर पूर्ण ताकदीने करता येत नसे. कानोंनी खुल्या सरावातून ते प्रकार बाजूला काढले आणि जे उरले ते रोज पूर्ण जोराने, विरोध करणाऱ्या माणसावर करून पाहायला लावले. वरवर पाहता त्यांनी विद्या बोथट केली. प्रत्यक्षात त्यांनी आमच्या वस्तादांच्या लढतीसारखी रांदोरी, म्हणजे खुल्या सरावाची लढत, घडवली. डोळ्यात बोट घालण्याचे तंत्र ज्याने हवेत हजारदा केले आहे, त्यापेक्षा साधा पट ज्याने धडपडणाऱ्या माणसावर हजारदा काढला आहे, त्याच्यावर मी पैसे लावीन. शहरात दोन दिवसांच्या स्वसंरक्षण शिबिरांत मुलींना असली "प्राणघातक" तंत्रे शिकवतात तेव्हा मला त्या मुलींची काळजी वाटते, कारण त्यांना मनगट सोडवून घेण्याचा सराव ज्या सोबतिणीवर दिला जातो ती मनगट सोडायला आधीच तयार असते.

कोल्हापूरच्या मर्दानी खेळांबद्दल मी जपून बोलतो, कारण दांडपट्टा फिरताना पाहिला की माझ्याही अंगावर काटा येतो. लिंबू कापणे, नारळ फोडणे, एकाच वेळी चौघांना दूर ठेवणारे लाठीचे हात हे सारे अवघड आहे आणि त्यामागे खऱ्या लढायांची परंपरा आहे. आज मात्र समोरचा विरोधक ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी येतो. तरीही सगळ्या विद्यांत रस्त्यावर सर्वांत उपयोगी काय, असे कुणी मला कोंडीत पकडून विचारले तर मी लाठी म्हणेन. अंतर राखणारी काठी हातात असलेला साधा माणूस निःशस्त्र पैलवानाला भारी पडतो, हे आमच्या वस्तादांनीच कबूल केले होते.

बॉक्सिंग मी तिशीनंतर आठ महिने केले, तेही नीट नाही. त्यात दोन गोष्टी समजल्या. पहिली म्हणजे ठोसा बसल्यावर डोळे मिटायचे नसतात. हे वाक्य लिहायला सोपे आहे, अंगात भिनायला मला चार महिने लागले. दुसरी म्हणजे हातमोज्यांनी मुठीबद्दल किती खोटा विश्वास दिलेला असतो. १८६७ च्या क्वीन्सबरी नियमांनी मोजे रूढ केले. ते मुख्यतः मारणाऱ्याची बोटे वाचवतात आणि त्यामुळे डोक्यावर वारंवार मारता येते, ज्याची किंमत मेंदू मोजतो. उघड्या मुठीने कवटीवर मारले तर करंगळीमागचे हाड मोडते. १९८८ मध्ये हार्लेमच्या रस्त्यावर मिच ग्रीनशी झालेल्या मारामारीत जगज्जेत्या माइक टायसनचा उजवा हात मोडला, मग माझ्यासारख्याने उघड्या मुठीच्या गप्पा काय माराव्यात? आणि त्याच इनोकीने १९७६ च्या जूनमध्ये, म्हणजे कराचीच्या सहा महिने आधी, टोकियोत महंमद अलीसमोर पंधरा फेऱ्यांतला बराचसा वेळ गादीवर बसून आणि पाठीवर पडून काढला आणि त्याच्या पायांवर लाथा मारल्या. जगातल्या सर्वोत्तम मुष्टियोद्ध्याला मारायला माणूस उभाच सापडला नाही. लढत बरोबरीत सुटली, प्रेक्षक संतापले, आणि अलीच्या सुजलेल्या पायांवर उपचार करावे लागले. कंटाळवाणी म्हणून हिणवली गेलेली ही लढत मला फार शिकवणारी वाटते.

पुढचा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हरमध्ये यूएफसीची, म्हणजे वेगवेगळ्या युद्धकलांच्या लोकांना एकमेकांशी लढवणारी, पहिली स्पर्धा झाली. तीत वजनगट नव्हते, आणि आठ जणांतला अंगाने किरकोळ वाटणारा, एलिओ ग्रेसीचा जिउजित्सू खेळणारा मुलगा रॉईस एका रात्रीत तिघांना शरण आणून जिंकला. त्यातला एक बॉक्सर तर एकाच हातात मोजा घालून उतरला होता. मला त्या रात्रीपेक्षा पुढची सात वर्षे महत्त्वाची वाटतात, कारण त्या काळात कुस्तीगीर पालथे पडण्याची सवय मोडायला आणि हात लपवायला शिकले. १ मे २००० रोजी टोकियो डोममध्ये मूळचा कुस्तीगीर असलेल्या काझुशी साकुराबाने त्याच रॉईसला नव्वद मिनिटे झुंजवले आणि शेवटी रॉईसच्या बाजूने टॉवेल फेकला गेला. दागेस्तानचा खबीब नुरमागोमेदोव २०२० मध्ये २९ लढतींत एकही न हरता निवृत्त झाला, आणि त्याची जमिनीवरची पकड पाहताना मला आमच्या तालमीतली सवारीच, म्हणजे पाठीवर स्वार होऊन दाबून ठेवणे, दिसत असे. फरक इतकाच की तो उलटवायची घाई करीत नसे.

नियम उलट दिशेनेही सवयी बदलतात. ज्युडोत २०१० पासून पायांना हात घालण्यावर निर्बंध आले आणि २०१३ पासून ते सरसकट बंद झाले. त्यानंतर तयार झालेली मुले अंगरख्याची पकड आणि कमरेचे डाव यांत माझ्या पिढीपेक्षा सरस आहेत, पण मी पटाला शिरलो की ती गोंधळतात, आणि चाळिशी उलटून गेलेल्या माणसाला याहून मोठा आनंद नाही.

दमसासाबद्दल लोकांच्या मनात फार गैरसमज आहेत. दम ही सर्वांना सारखी लागू पडणारी चीज नाही, प्रत्येक खेळाचे घड्याळ तो घडवते. फ्रीस्टाइल कुस्ती तीन मिनिटांच्या दोन डावांची आणि मध्ये तीस सेकंदांची विश्रांती, बॉक्सिंगची फेरी तीन मिनिटांची आणि मध्ये एक मिनिट, ज्युडो चार मिनिटांचे, मिश्र युद्धकलेची फेरी पाच मिनिटांची. जत्रेतल्या जुन्या कुस्तीला घड्याळच नव्हते, त्यामुळे आमच्याकडे तासभर खडाखडी करून समोरच्याला दमवण्याची कला होती आणि पहिल्या तीस सेकंदांत सर्व जोर ओतण्याची नव्हती. ज्या वर्षी मी अर्धमॅरेथॉन धावलो, त्याच वर्षी जिउजित्सूच्या सहा मिनिटांच्या फेरीत मला उलटी झाली. पाय ताजे होते, परंतु समोरच्याचे वजन छातीवर असताना श्वास कसा घ्यायचा हे धावून शिकता येत नाही.

जोर-बैठकांनी मान, कंबर आणि पकड यांना जे बळ येते ते यंत्रांच्या व्यायामशाळेत मला कुठेच मिळाले नाही. मात्र हजार बैठका गुडघ्यांना महागात पडतात, आणि खुराकाचे तर विचारूच नका. बदाम, तूप, दूध आणि थंडाई यांची सवय मेहनतीसोबत लागते, पण मेहनत सुटली तरी ती सुटत नाही. तिसाव्या वर्षी माझे वजन १०४ किलो झाले होते. गावातले निम्मे जुने पैलवान आज गुडघ्यांनी आणि साखरेने हैराण आहेत, आणि त्यांच्यासमोर दूध-तुपाविषयी काही बोलायची कुणाची हिंमत नाही.

खऱ्या मारामारीचा माझा अनुभव एकाच प्रसंगाचा आहे आणि मी तो अभिमानाने सांगत नाही. २००४ मध्ये पाहुण्यांच्या लग्नाच्या वरातीत दारू प्यायलेल्या एका माणसाने हलगी वाजवणाऱ्या पोराची गचांडी धरली. मी मध्ये पडलो, त्याने माझ्यावर हात उगारला, आणि पुढे काय करायचे हे मी ठरवलेच नाही. हाताला हात लागला आणि मी ढाक हा फेकीचा डाव मारला. मातीत ती ढाक बसली असती तर तो धूळ झटकत उठला असता. तिथे सिमेंटची पायरी होती आणि त्याचे डोके तिच्या कडेवर आपटले. हलगी थांबली. सुमारे दोन मिनिटे तो हलला नाही. त्या दोन मिनिटांत मी माझी नोकरी, आईचा चेहरा आणि पोलीस ठाण्याची पायरी हे सारे पाहून घेतले. तो उठला, सहा टाके पडले, आणि दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी ते प्रकरण मिटवले. स्वसंरक्षणाचा हक्क आज भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे, आणि आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करण्याचा हक्क कुणालाही नाही, हे ३७ व्या कलमात स्पष्ट म्हटले आहे. आवश्यक किती, याचा हिशेब करायला ढाक थांबत नाही. फेकीची विद्या मातीवर किंवा गादीवर खेळ असते. डांबरावर आणि फरशीवर तिचे हत्यार होते, आणि हे आम्हाला कुणीही कधी सांगितले नव्हते.

जिउजित्सूवाल्यांची अडचण याच्या उलट आहे. त्यांना पाठीवर पडायला आवडते. एकास एक असताना ते ठीक आहे, पण वरातीतल्या त्या माणसाचे तीन भाऊ बाजूलाच उभे होते आणि मी खाली पडून त्याचा हात पिळत बसलो असतो तर माझ्या डोक्याचा चेंडू झाला असता. चाकूबद्दल तर मी बोलतच नाही. चाकू दिसला तर पळायचे, आणि त्यासाठी धावण्याचा सराव उपयोगी पडतो, एवढे अर्धमॅरेथॉनच्या बाजूने म्हणता येईल.

माझी मुलगी चौदा वर्षांची झाली तेव्हा तिला कुठल्या वर्गाला घालावे हा प्रश्न घरात निघाला, आणि मी ज्युडो म्हणालो. बायकोला वाटले की जुन्या पराभवाची भरपाई चालली आहे. माझे कारण वेगळे होते. पंचवीस वर्षांत मी शिकलेल्या सर्व डावांपैकी कुणाशीही भांडण न करता मला उपयोगी पडलेला एकच आहे, तो म्हणजे पडण्याचा. २०११ मध्ये सातारा रस्त्यावर पहिल्या पावसात दुचाकी घसरली, तेव्हा हनुवटी छातीला लावून खांद्यावरून लोळण घेतली गेली आणि मी खरचटण्यावर सुटलो. ज्युडोत पहिले कित्येक आठवडे पडायलाच शिकवतात. तालमीत हे शिकवत नाहीत, कारण माती मऊ असते, आणि कुस्तीगिराने पडायचेच नसते.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला गावी गेलो होतो, तेव्हा पुतण्याला तालमीत हे गळ्याचे प्रकरण दाखवत होतो. वस्ताद आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. ते हौद्याच्या कठड्यावर बसून पाहत होते. थोड्या वेळाने त्यांनी मला बोलावले आणि म्हणाले, "माझा धर बघू." मी नको नको म्हणत त्यांच्या मागे बसलो आणि हात पुढे नेला. हनुवटी क्षणात खाली आली, दोन्ही हातांनी त्यांनी माझे मनगट छातीपाशी ओढून धरले आणि खांदा आत फिरवला. जिउजित्सूच्या वर्गात मला नेमके हेच शिकवले होते, महिन्याला साडेतीन हजार रुपये घेऊन. मी विचारले, "वस्ताद, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"आमच्या वस्तादांनी. आमास्नी हे समदं ठावं हुतं. पर मैदानात चालत न्हवतं, मग घोटायचं कशापायी? सोडलं."

मग त्यांनी पुतण्याला हाक मारली आणि पालथे न पडता खालून कसे उठायचे ते स्वतः मातीत बसून दाखवले. दर रविवारी शेवटची जोड तशी लढायची, असेही ठरवून दिले. गेल्या दिवाळीला मी पुन्हा गेलो तेव्हा पुतण्याशी चार वेळा लढलो. उभ्याने त्याने मला चारही वेळा पाडले. जमिनीवर चारही वेळा त्याचा गळा माझ्या हातात आला, कारण चारही वेळा तो पालथाच पडला होता.